जुड्यात दडलेला कंगा

मी एक कंगा बोलतोय. शीख माणूस डोक्यावरच्या जुड्यात खोचून ठेवतो तो लहानसा लाकडी कंगवा, तो मी. काही दिवसांपासून आमच्या घरातल्या आईच्या डोळ्याला डोळा लागत नाहीये, आणि संशय माझ्यावर आलाय. म्हणून तोंड उघडतोय.

तिच्या लेकाला धाकटी बहीण झाली आणि पहिलीतल्या पोराचा एकदम ‘दादा’ झाला. त्याच सुमारास शाळाही बदलली. सकाळी मी त्याचे केस नीट विंचरतो, आई जुडा घालून वर पटका बांधते. संध्याकाळी पटका सोडला की मानेजवळच्या केसांत गाठीच गाठी. मी वर जुड्यात, अंधारात, मला खालचं काय कळणार? शाळेत कोणी केस ओढत असेल का? चिडवत असेल का? बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, छान रमलाय. आईला वाटलं, बाई आपलं मन राखताहेत. बाबा म्हणाले, “कंगा बोथट झालाय, बदलून टाक.” घ्या! खापर माझ्यावर.

तसा अपमान मला नवा नाही. एका सुताराने मला कापलं, घासलं, तेल पाजलं आणि मी गुरुद्वाऱ्याबाहेरच्या दुकानात आलो. तिथे शेजार मिळाला पोलादी कड्यांचा. येणारा प्रत्येक जण आधी कडं उचलणार, मनगटात घालून उजेडात हात फिरवून बघणार. माझी आठवण पैसे देताना, “हो, आणि एक कंगाही टाका.” तेव्हापासून कडं चमकलं की माझा जळफळाट होतो. चार चांगल्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला हे शोभत नाही, ठाऊक आहे. पण होतो.

परवा वर्गात प्रत्येकाने आपल्या धर्माबद्दल बोलायचं होतं. तयारी करून घेतली ती विंचरतानाच. आई सांगत होती, पाचशे वर्षांपूर्वी गुरू नानक म्हणाले, देव एकच आहे आणि त्याच्यापुढे कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. त्याचं नाव घ्या, कष्टाचं कमवा, वाटून खा. त्यांच्यामागून आणखी नऊ गुरू झाले. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी खालसा पंथ उभा केला आणि पाच खुणा दिल्या: न कापलेले केस, कंगा, कडं, कच्छेरा म्हणजे आतली चड्डी, आणि किरपाण म्हणजे लहान तलवार. त्यांच्यानंतर गुरू कोणी माणूस नाही, गुरू ग्रंथ साहिब हाच गुरू. गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये, म्हणजे मोफत जेवणात, कोणीही यावं, सगळ्यांनी जमिनीवर एका पंगतीत जेवावं.

“मोठे साहेबसुद्धा जमिनीवर?” दादाने विचारलं.

“साहेबसुद्धा.”

“आणि बाळ?”

“बाळ माझ्या मांडीवर.”

यावर तो हातातल्या पटक्याचं टोक पिळत बसला. आईला वाटलं, भाषणाचं दडपण आलं. मला काहीच वाटलं नाही, मी पुन्हा माझं नाव कधी येतं याकडे कान लावून होतो.

वर्गात कडं बाकाबाकावरून फिरलं. प्रत्येकाने घालून पाहिलं. माझ्याबद्दल दादा एवढंच म्हणाला, “आणि कंगा केसांत असतो.” मी खरंच तिथेच होतो, पटक्याखाली, अंधारात, जळत.

आता माझा एक दात पडलाय आणि दुकानातून नवा कंगा आणायचं ठरतंय. दोन वेळा केस विंचरून नीट ठेवणं, बाहेरची धूळ आणि मनातला गुंता दोन्ही रोजच्या रोज काढणं, एवढंच माझं काम. ते मी चुकवलेलं नाही. बदलायचं तर बदला, पण गाठींचं कारण आधी शोधा, असं मी मनात म्हणत होतो.

काल संध्याकाळी ते आईनेच शोधायला घेतलं. बाळ पाळण्यात झोपलं होतं. दादाला पुढ्यात घेऊन ती एकेक गाठ सोडवत होती. ज्या प्रश्नाची तिला धास्ती होती, तो शेवटी तिने विचारला.

“खरं सांग राजा, शाळेत कोणी केस ओढतं का? तुला कापावेसे वाटतात का रे?”

दादाने मान वळवली नाही.

“कोणी नाही ओढत. येताना गाडीत पटक्याखाली बोटं घालून मीच गाठी मारतो. गाठी नसल्या की तू लगेच उठून बाळाकडे जातेस.”