तीनच्या अ‍ॅसिडनं विसळलेली बाटली

माझा हात चांगला आहे हे मी नाही म्हणत, एकतीस वर्षं आमच्या अणुसंशोधन केंद्राची अख्खी इमारत म्हणते आहे. मीटरभर जाड शिशाच्या काचेपलीकडच्या बंद कोठीत, जिथे माणूस काही मिनिटांत मरणाचा धनी होईल, तिथे मी बाहेरून चालवायच्या लोखंडी हातांनी बाटलीचं बूच काढते, थेंब मोजते, फुटलेली नळी बदलते. आमचा पाळीप्रमुख लुसियें नव्या माणसांना सांगतो, "रेजीनचा स्वभाव सोसलात तर काम शिकाल." सप्टेंबरात मी निवृत्त होणार आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते याच तोऱ्यापायी झालं.

चाचणी आर्मेल केर्जाँची होती. आर्मेल ब्रिटनी प्रांतातली, चव्वेचाळीस वर्षांची, आणि तिनं आयुष्याची अकरा वर्षं एका रेणूच्या मागे घातली होती. जळून गेलेल्या अणुइंधनाच्या कचऱ्यात अमेरिसियम नावाचं एक मूलद्रव्य असतं. ते काढून घेतलं तर उरलेला कचरा काही शे वर्षांत निवतो, नाही काढलं तर हजारो वर्षं धगधगत राहतो. पण त्या कचऱ्यात त्याच्यासारखीच दिसणारी, वागणारी दहाबारा भावंडं असतात, आणि त्यांच्यातून नेमकं त्याला उचलणं महाकठीण. आर्मेलचा रेणू तेलात विरघळतो. अ‍ॅसिडातला कचरा आणि हे तेल एकत्र घुसळलं की रेणू अमेरिसियमला आणि त्याच्या भावंडांना तेलात ओढून घेतो. मग ते तेल दुसऱ्या, अगदी सौम्य पाण्याबरोबर घुसळायचं. त्या पाण्यात एकटं अमेरिसियम उतरतं, भावंडं तेलातच राहतात. कागदावर इतकं सोपं.

खऱ्या कचऱ्याचं द्रावण आम्हाला मिळालं होतं जेमतेम दीड लिटर. त्याच्या परवानग्यांना तीन वर्षं लागली. सकाळी आठला पंप सुरू झाला की रात्री आठला ते संपणार. आणि पॅरिसहून निरोप स्पष्ट होता: शंभरातलं नव्याण्णव अमेरिसियम निघालं तर आर्मेलचा गट पुढे चालेल, नाही तर जूनअखेर दाराला कुलूप. कोठी दुसऱ्यांना देऊनही टाकली होती. त्यातही अट अशी, की आकडा स्थिर झालेला हवा. सगळं सुरळीत चालू झाल्यापासून तो स्थिर व्हायला पाच तास लागतात. त्याआधीचा आकडा कितीही देखणा असो, अहवालात त्याला कुणी विचारत नाही.

मी दुपारी एकला पाळीवर आले. बाहेर मिस्त्राल वारा असा सुटला होता की गाडीचं दार उघडेना. लुसियें काचेसमोर उभ्या उभ्याच ऑलिव्ह घातलेला फुगास पाव चावत होता.

"या बाईसाहेब," तो म्हणाला. "हळू बोला, आत मयत आहे."

"काय झालं?"

"काहीच नाही झालं, तेच तर झालंय. अकरालाच आकडा चढायला हवा होता. अजून तळाला लोळतोय."

आर्मेल पडद्यासमोर बसली होती. सौम्य पाण्यातून अमेरिसियम बाहेर येऊ लागलं की पडद्यावर त्याची टेकडी उठते. तिथे सपाट माळरान होतं.

"तेलात चढतंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "उतरत नाहीये. धरून बसलाय मेला. रेजीन, तेलाचे नमुने काढ ना. किरणांनी रेणू मोडलाय का ते बघू दे."

"काढते. तू जेवलीस का?"

"जेवायचं काय घेऊन बसलीस!"

मी काचेशी गेले, लोखंडी हात पुढे सरकवले. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ आठवते कारण नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिली होती. नमुन्याची कुपी ठेवायला मी मागच्या फळीकडे हात नेला. तिथे जादाची मोठी बाटली होती, मीच परवा विसळून ठेवलेली. तिच्या तळाशी चांगलं कपभर पाणी दिसत होतं.

पाणी कसलं, अ‍ॅसिड. तीनचं, म्हणजे तीन मोलर तीव्रतेचं.

आमच्याकडे जुन्या माणसांचा नियम आहे: कोठीतली बाटली तीनच्या नायट्रिक अ‍ॅसिडनं विसळल्याशिवाय भरायची नाही. साध्या पाण्यानं विसळली तर प्लुटोनियम काचेला जे चिकटतं ते जन्मात सुटत नाही. मला हे माझ्या गुरूनं शिकवलं, मी पुढे वीस जणांना शिकवलं, दोघांना तर त्यावरून रडवलंसुद्धा. परवा दोन्ही मोठ्या बाटल्या मी तशाच विसळल्या. त्यांचे गळे आत वळलेले, लोखंडी हातात त्या पूर्ण उपड्या होत नाहीत, तळाशी थोडं राहतंच. जुन्या कामात त्यानं काडीचा फरक पडत नसे. पण दुसरी बाटली सौम्य पाण्याची होती. बाहेरून नळीनं आत सोडलेलं आर्मेलचं पाणी तिच्यात भरलं होतं, आणि कपभर तीनच्या अ‍ॅसिडानं ते सौम्य राहिलंच नव्हतं. अमेरिसियम उतरणार कशात?

कामाच्या कागदावर आर्मेलनं तसं लिहिलंही होतं: सौम्य पाण्याची बाटली त्याच पाण्यानं विसळावी. त्या ओळीपुढे माझी खूण होती. मी ती वाचली नव्हती. मला काय बाटली विसळायला शिकवता?

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. आधी वाटलं, खात्री कुठे आहे? मग वाटलं, आर्मेल स्वतःच पाण्याचा नमुना मागेल आणि तिला कळेल, माझं नाव न येता कळेल. मग लुसियेंचं तोंड डोळ्यांसमोर आलं, निरोपाच्या समारंभाला येणारी माणसं आली. मी नमुने काढत राहिले. ज्या नमुन्यांतून काही निघणार नाही हे मला ठाऊक होतं, ते मी एक एक करून तिच्या हवाली केले, आणि ती पोर प्रत्येक वेळी "थँक्यू हं" म्हणत होती. लाज वाटत होती मला, खरंच वाटत होती, आणि तरी मी गप्प होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तशातली गत.

तीन वाजता तिनं पंप हळू करू का म्हणून विचारलं.

"हळू केलास तर आकडा स्थिर व्हायलाही तितकाच वेळ जास्त लागेल," लुसियें म्हणाला. "हातात काय पडलं?"

पावणेचारला संचालकांचा फोन आला. आर्मेल उभी राहून बोलली, शाळेत उभं केल्यासारखी. "नाही सर. रेणू मोडलेला नाही... हो, म्हणजे मुळातच चुकलाय. प्रयोगशाळेत चालला तो बहुतेक योगायोग असेल." फोन ठेवून ती खाली बसली आणि हसली. "अकरा वर्षं, रेजीन. माझा नवरा म्हणायचा, तू त्या रेणूशीच लग्न कर. केलं असतं तर त्यानंही टाकलंच असतं मला."

मग तिनं चाचणीची वही ओढली आणि लिहायला घेतलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं: रेणू निवडक नाही, मार्ग सोडून द्यावा. ती सही करणार, इतक्यात मी तिचं मनगट धरलं.

"नको लिहूस. रेणू बरोबर आहे. बाटली मी विसळली. तीनच्या अ‍ॅसिडनं."

लुसियेंच्या हातातला कॉफीचा कप अर्ध्यावर थांबला. आर्मेल ताडकन उठली. शिव्या द्यायलाही तिनं वेळ घालवला नाही.

"किती वाजले?"

"चार दहा," लुसियें म्हणाला.

"नवं पाणी करायला चाळीस मिनिटं. लुसियें, बाहेरची नळी धुवून घे. रेजीन, ती बाटली रिकामी कर, थेंब ठेवू नकोस. पळा!"

इतकं भराभर काम मी जन्मात केलं नसेल. पाचला नवं पाणी आत सुरू झालं. सव्वासहाला माळरानावर उंचवटा आला. साडेसहाला टेकडी झाली. भावंडांच्या जागा सपाटच राहिल्या, एकही तिकडे डोकावलं नाही. आर्मेलनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बघ गं, कसा सोडतोय," ती म्हणाली. "एकट्यालाच सोडतोय!"

सातला आकडा पन्नासवर. साडेसातला चौसष्ट. मी मनातल्या मनात व्हर्जिन मेरीपासून ज्यांची नावं आठवत होती त्या सगळ्यांना विनवत होते, द्रावण पुरू दे. आठला तीन मिनिटं कमी असताना पंपानं हवा ओढली. आकडा एकाहत्तरवर होता आणि अजून चढतच होता. मग नळीत काही उरलं नाही, तो डळमळला आणि उतरायला लागला.

यंत्र शहाण्यासारखं दर मिनिटाला आकडा छापत राहिलं.

"तुला कधी कळलं?" आर्मेलनं विचारलं.

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता. पण त्या दिवसापुरतं माझं खोटं पुरे झालं होतं.

"दोन वाजून दहा मिनिटांनी."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग नवं पाणी तीनलाच सुरू झालं असतं असं धरून लहान मुलीसारखा बोटांवर हिशेब केला: तीन ते चार, चार ते पाच, पाच ते सहा, सहा ते सात, सात ते आठ. पाचही बोटं मिटली.

"झाले असते," ती हळूच म्हणाली. "पाच तास बरोबर झाले असते."

"पोरी, मी लिहून देते. वरच्यांना भेटते. सांगते सगळं माझ्यामुळे—"

"त्यांना स्थिर आकडा हवाय, रेजीन. तो कुठून आणणार तू?"

तिनं वही बंद केली, पुन्हा उघडली, सही न केलेलं पान नीट घडी घालून फाडलं. शेवटचे नमुने अजून काढायचे होते. कुणी मोजणार नव्हतं, तरी नियमाप्रमाणे काढावे लागतात. मी काचेशी जाऊन लोखंडी हातांच्या मुठी धरल्या.

"तू नको," आर्मेल म्हणाली. आवाज चढवलाही नाही तिनं. "लुसियें, तू काढ."

लुसियें माझ्याकडे न बघता पुढे आला. मी मुठी सोडल्या आणि बाजूला झाले.