ईदकार्डाच्या चांदाचा साचा

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. चांद कापायचा साचा. हसू नका! चांद कापता येतो, आणि कापण्यात माझा हात धरणारं अख्ख्या नांदेडात कोणी नव्हतं. आता माझ्या पात्यावर गंज चढलाय आणि एका पत्र्याच्या पेटीत मी पडून आहे. बोलायला कोणी नाही म्हणून तुमच्याशी बोलतो. कंटाळलात तरी मी सांगणारच.

माझा जन्म उदगीरचा. तिथं सिद्रामप्पा नावाचे लोहार होते. विळे, खुरपी, अडकित्ते करायचे. त्यांच्याकडे एकदा नांदेडच्या इतवाऱ्यातले वाजिद उस्ताद आले. उस्तादांचा छोटासा छापखाना होता. लग्नाच्या पत्रिका, दुकानांची बिलं आणि रमजान लागला की हातानं केलेली ईदची कार्डं. उस्तादांनी कागदावर चांद काढून दाखवला. सिद्रामप्पा म्हणाले, "उस्ताद, ह्याला खाली शेपटी कशापाई? चांदाला शेपटी असती व्हय?"

"आमच्या चांदाला असते," उस्ताद म्हणाले. "तिच्यावरच तो वर चढतो."

सिद्रामप्पांनी कपाळाला हात लावला. पण पोलादाची पट्टी तापवली, वाकवली, धार काढली आणि सागवानी फळीत ठोकून बसवली. असा मी झालो. पहिला चावा मी त्यांच्याच अंगठ्याला घेतला. त्यांनी कानडीत दोन शिव्या हासडल्या आणि अंगठा तोंडात घालून हसले.

आता ती शेपटी कशाला ते सांगतो. कार्डावर आधी मिनाराचा लाकडी ठसा उमटवायचा. तो ठसा मोठा गर्विष्ठ, माझ्याशी कधी धड बोलला नाही. मिनारामागं कागदाचा खिसा करायचा. त्या खिशात मी कापलेला चमकीच्या कागदाचा चांद लपवायचा, त्याची शेपटी एका लांब पट्टीला चिकटवायची आणि पट्टीचं टोक कार्डाच्या खालून बाहेर ठेवायचं. पट्टी वर सरकवली की मिनारामागून चांद उगवायचा! पोरंच काय, दाढीवाले बाप्येसुद्धा दुकानात उभे राहून "वाह वाह" करायचे. मिनाराचा ठसा समजायचा, ही वाहवा त्याचीच आहे.

उस्ताद चांदाच्या बाबतीत फार कडक होते. ईदचा चांद संध्याकाळी मावळतीला दिसतो, तेव्हा त्याचं पोट, म्हणजे फुगीर बाजू, उजवीकडं असतं. महिना सरताना पहाटे जो उरलासुरला चांद दिसतो, त्याचं पोट डावीकडं. बाजारातल्या छापील कार्डांवर ईदच्या नावाखाली सर्रास पहाटेचाच चांद असायचा. ते पाहिलं की उस्तादांचं डोकं फिरायचं. "ह्यांनी कधी मान वर करून पाहिलंय का?" असं ओरडायचे. माझं पोट त्यांनी उजवीकडंच ठेवलं होतं.

पण हा पहाटेचा, उतरता चांदही आमच्याकडं लागायचा. कुणाच्या घरी मयत झाली की चाळीसव्याच्या फातेहाची, म्हणजे चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेची पत्रिका छापायला यायची. त्या पत्रिकेवर उस्ताद उतरता चांद लावायचे. त्याला वेगळा साचा नव्हता. कागद पालथा ठेवून मलाच दाबायचे, की चमकीच्या बाजूनं पोट डावीकडं यायचं. ईदला कागद उताणा, मयतीला पालथा. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं.

घरात सगळे म्हणजे उस्तादांच्या दोन मुली. थोरली सुलतानबी, धाकटी मदिनाबी. आई लहानपणीच गेलेली. दोघींना लिहायवाचायला कुणी शिकवलं नाही, पण छापखान्यातलं सगळं काम यायचं. सुलतानबी प्रेसचा दांडा ओढायची, मदिनाबी कागद लावायची. माझ्याखाली अर्धापूरच्या केळीच्या खोक्यांचा जाड पुठ्ठा असायचा, म्हणजे माझी धार बोथट होत नसे. (या घरात दखनी बोलतात हो. मी तुम्हाला मराठीत सांगतोय, तरी मधूनच एखादा शब्द तसाच राहील.) मदिनाबी भारी खोडकर. "आपा, दाब की जोरात! सकाळी जेवली न्हाईस का?" म्हणायची. आपा म्हणजे थोरली बहीण. आपा दांडा सोडून तिच्या पाठीत धपाटा घालायची. मला तो गोंधळ फार आवडायचा.

त्या घराचा एक रिवाज होता, तोही ऐका. कार्ड करणाऱ्यानं चांद वर काढून बघायचा नाही. ज्याच्यासाठी कार्ड आहे त्यानंच काढायचा, तोही आकाशात चांद दिसल्यावर, चांदरातीला. त्याआधी पट्टीला हात लावला की उस्ताद बोटावर फूटपट्टी मारायचे.

पुढं मदिनाबीचं लग्न लातूरला झालं. सुलतानबीचं सासर त्याच गल्लीत होतं. उस्ताद गेल्यावर प्रेस, ठसे आणि मी असे सगळे तिच्या घरी आलो. दरवर्षी पहिलं कार्ड लातूरला जायचं. आत एक अक्षरही लिहिलेलं नसायचं, फक्त 'ईद मुबारक'चा ठसा. चांदरातीला मदिनाबी पट्टी सरकवायची आणि बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, पोराबाळांना घेऊन नांदेडला हजर! घरात शिरता शिरता ओरडायची, "आपा, चांद पोचला गं!" मग दोघी बहिणी शीरखुर्म्याची वाटी घेऊन ज्या बोलत बसायच्या, त्यांना उठवायची कुणाची टाप नव्हती. माझे चांगले दिवस तेच.

मग बिघडलं. सुलतानबीचा मुलगा जीशान आणि मदिनाबीची मुलगी, यांचं लग्न लहानपणापासून ठरल्यासारखंच होतं. पण जीशाननं आपल्या पसंतीच्या अलीझाशी लग्न केलं. मदिनाबी म्हणाली, "आपा, तुझ्या पोरानं माझ्या लेकीला चारचौघांत हलकं केलं." सुलतानबीही काही गप्प बसणारी नव्हती. शब्दानं शब्द वाढला. लातूरचं कार्ड बंद झालं, बासी ईदला दार वाजेनासं झालं. तोवर गिऱ्हाईकही आटलं होतं. लोकांना मोबाइलवर फुकटचा चांद मिळायला लागला, त्यात पुन्हा फटाके उडायचे. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. मिनाराच्या ठशाला वाळवी लागली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मला खाली आणलं ते अलीझानं. ही सून म्हणजे हसरी, बडबडी पोर. मोबाइलवर बघून बघून कार्डं करायला शिकली होती. उघडली की फुलं उभी राहणारी, चक्र फिरवलं की रंग बदलणारी. तिनं एक चिमुकलं मशीनही मागवलं होतं, गुलाबी रंगाचं. खेळणंच ते! मी त्याच्याकडं बघून नाक मुरडलं. पण अलीझानं मला तेल लावलं, कापलेला कागद पात्यात अडकू नये म्हणून नवा स्पंज बसवला आणि म्हटलं, "अम्मी, ह्याला धार किती हाय अजून!" सुलतानबीनं माझ्यावरून हात फिरवला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, शुगरमुळं डॉक्टर ऑपरेशन पुढं ढकलत होते. ती मला बोटांनीच बघत होती.

त्याच सुमाराला खबर आली की मदिनाबीच्या किडन्या गेल्यात. लातूरला दवाखान्यात मशीनवर रक्त साफ करावं लागतं. सुलतानबीचं जेवण तुटलं.

"अम्मी, फोन लावू?" अलीझानं विचारलं.

"उचलत न्हाई ती माझा."

"मग जाऊया की. जीशान नेतील."

"बोलावल्याबिगर? तिच्या दारात जाऊन उभी ऱ्हाऊ अन् तिनं तोंड फिरवलं तर? मी तिथंच मरून जाईन, बेटा."

अलीझा म्हणाली, "अम्मी, तुमचं तुटलं ते माझ्यापायी. चांदाचं कार्ड करूया. चांद मला कापू द्या."

सुलतानबी रडली. म्हणाली, "कर. लिहू काही नक्को. चांद वर आला की समजंल तिला, आपा बोलावून राहिली म्हणून. बासी ईदला येईल बघ ती. कशी न्हाई येत!"

मित्रांनो, त्या दिवशी घरात सणच होता. सुलतानबीनं मैद्याची खळ शिजवली, मुंग्या लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद टाकला. चाचपडत का होईना, घड्या अशा घातल्या की कोपऱ्याला कोपरा जुळला. मिनाराचा ठसा वाळवीनं खाल्लेला, म्हणून अलीझानं मिनार कागदाचा कापून चिकटवला आणि आत 'ईद मुबारक'चा ठसा मारला. अलीझानं माझ्याखाली पुठ्ठा ठेवला, चमकीचा कागद घेतला आणि तो ठेवला पालथा.

तिची काय चूक! तिच्या गुलाबी मशीनमध्ये साच्याची धार वर असते आणि कागद त्यावर पालथाच टाकायचा असतो. हाताला तीच सवय. आमच्या प्रेसमध्ये माझी धार खाली, कागद उताणा. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण या घरात ते कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. मी जीव तोडून ओरडलो. "अगं बाई, उलट! उलट कर कागद!" पण साच्याचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? दांडा खाली आला आणि मी कापला. कापणं हेच माझं काम, ते मला थांबवता येत नाही.

चांद निघाला तो उतरता. पोट डावीकडं. अलीझाला त्यात काही वावगं दिसलं नाही, मोबाइलवर सगळीकडं तसाच तर असतो. तिनं शेपटी पट्टीला चिकटवली, चांद मिनारामागं सारला आणि कार्ड सासूच्या हातात दिलं. सुलतानबीनं कडा चाचपल्या, मिनारावरून बोट फिरवलं, पट्टीच्या टोकाशी आली आणि थांबली. रिवाज! तिनं पट्टीला हात लावला नाही. कार्डाचं चुंबन घेतलं आणि जीशाननं ते कुरिअरनं लातूरला पाठवलं.

चांद दिसला. ईद झाली. बासी ईदला सुलतानबी सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसली. मदिनाबीची वाटी झाकून ठेवली होती. रिक्षा थांबली की विचारायची, "कोण हाय गं?" दुपारी अलीझानं तिला जेवायला उठवलं, पण ती उठली नाही. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "तब्येत न्हाई बरी तिची. न्हाईतर आलीच असती." ती झाकलेली वाटी दुसऱ्या दिवशी फेकून द्यावी लागली.

मोहरमच्या आत, म्हणजे तीनेक महिन्यांतच, लातूरहून फोन आला. मदिनाबी गेली. जीशान आईला घेऊन धावला, पण सुलतानबीला तिचं नुसतं तोंड बघायला मिळालं. तेही तिला धूसरच दिसलं असणार. परतली तेव्हा तिच्या ओढणीत ते कार्ड होतं.

अलीझा आणि जीशान बाहेर गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. तिनं पट्टी वर सरकवली, चांदावरून बोट फिरवलं, मग माझ्या पात्यावरून फिरवलं. पुन्हा चांदावरून. पोट डावीकडं लागलं. लहानपणापासून तिला आमच्याशी बोलायची सवय, तशी ती हळूच बोलली. "मदिनाची लेक म्हणत होती, चांदरातीला अम्मीनं पट्टी सरकवली अन् म्हणली, आपानं मला मेल्यांत काढलं. मुबारकचा ठसा मारून मेल्यांत काढलं. मग दवाखान्यात जायला नक्को म्हणू लागली. आज जाते, उद्या जाते करत ऱ्हायली. मला तवा वाटलं, पोरगी रागानं कायबी बोलून राहिली."

मला वाटलं, आता ती मला उचलून भिंतीवर आपटेल. आपटायला हवं होतं. तिनं फक्त कार्डाची पट्टी खाली ओढली आणि चांद पुन्हा मिनारामागं घातला.

अलीझा घरी आली. कार्ड दिसल्याबरोबर तिचे डोळे भरून आले. "अम्मी, मदिनाखालांनी जपून ठेवलं होतं? आवडला त्यांना माझा चांद?"

सुलतानबी म्हणाली, "लई आवडला, बेटा. उशाशी ठेवला होता."

पोरीच्या तोंडावर जे समाधान आलं, ते मला बघवेना. मदिनाबीच्या चाळीसव्याच्या पत्रिका सुलतानबीनं बाहेरून छापून आणायला लावल्या. मला पेटीत घातलं आणि पेटी आपल्या पलंगाखाली सारली. अलीझा अधूनमधून मला मागते. "नक्को, त्याची धार गेली," असं सांगते ती. माझी धार अजून आहे. सुलतानबी दिवसभर वर पलंगावर पडून असते. डोळ्यांचं ऑपरेशन करू म्हटलं की कूस बदलते, म्हणते, "आता काय बघायचंय?" हे एवढं ओझं ती सुनेपासून लपवत एकटीनं वाहतेय, आणि ते कधी हलकं होणार नाही हे मला समजतं.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मला नका जपू. गंज खाऊ द्या मला. माझं मागणं वेगळं आहे. तुमचं कोणी रुसून बसलं असेल, तर त्याला कार्ड पाठवू नका. कितीही सुंदर असलं, त्यातून चांद उगवत असला, तरी नको. नांदेडच्या स्टँडवरून लातूरला दिवसभर गाड्या सुटतात, लोहा, अहमदपूर, चाकूर करत जातात. एकीत बसा आणि जा. बोलावलं नसेल तरी जा. दार लावून घेतलं तर बाहेर उभं राहून हाक मारा, लाज सोडून मारा, आतलं माणूस ओ देईपर्यंत मारत राहा. सुलतानबी झोपेत अजून हाक मारते, "मदिना, ए मदिना," आणि खाली पेटीत मला ती रोज ऐकावी लागते.