अस्सल भोकं

दातांचे डॉक्टर दिवसभर दवाखान्यात लोकांच्या दातांतली कीड कोरून काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन लाकडातल्या किडीला हात जोडायचे. देशोदेशींची जुनी लोककला जमवायचं वेड त्यांना होतं. पेशाने गणिताच्या शिक्षिका असलेल्या त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे बाई म्हणत. या वेडापायी बाईंना स्वतःच्या बैठकीत अंग चोरून चालायची सवय लागली होती. भिंतीवर कुठल्या कुठल्या बेटांवरचे मुखवटे डोळे वटारून बसलेले. सोफ्यावर कुणा परदेशी आज्यांनी विणलेली आसनं, आणि त्यांवर बसायला सक्त मनाई. कोपऱ्यात एक पाळणा होता. त्यात पाळण्याएवढ्याच जुन्या लाकडी पळ्या निजवलेल्या होत्या. पाहुणे आले की चहा उभ्याने घेत आणि लवकर जात.

वस्तू अस्सल की नकली हे डॉक्टर किडीने पाडलेल्या भोकांवरून ठरवत. खिशातला तोंडात घालायचा छोटा आरसा काढून ते लाकडाची भोकं न्याहाळत. भोकं जितकी जास्त, तितकं वय जास्त, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मग डोंगराळ मुलखातल्या कुठल्याशा जत्रेतला म्हणून एक लाकडी घोडा आला. चाळणीला लाज वाटावी इतका भोकाळलेला. डॉक्टर हरखून गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी घोड्याच्या पोटाखाली पिवळसर भुशाची छोटी रास दिसली. बाईंनी ती झाडली, तर पुढच्या सकाळी पुन्हा तेवढीच. आत काहीतरी जिवंत आहे, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांचं लाकूड आहे, थोडं झडणारच. बाईंनी औषधफवारणीवाल्याला बोलावलं. खोल्या बंद करून धूर द्यावा लागेल, असं त्याने सांगितलं. रंग उडेल म्हणून डॉक्टरांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

होता होता जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांना बारीक भोकं पडली. या खुर्च्या लग्नानंतर दोघांनी मिळून कोपऱ्यावरच्या दुकानातून आणल्या होत्या. घरात बिनधास्त टेकता येईल अशी तेवढीच जागा उरली होती. बाईंनी डॉक्टरांचं बोट धरून भोकांवर ठेवलं. डॉक्टरांनी खिशातला आरसा काही बाहेर काढला नाही. खुर्च्यांना काय बघायचं, म्हणाले. एका खुर्चीचा पाय पिचायला लागला, तेव्हा बाईंनी ती टाकून द्यायला मागच्या दाराशी नेऊन ठेवली.

त्याच रविवारी वकील आले. वकील म्हणजे डॉक्टरांचे या नादातले मित्र आणि त्याहून जास्त वैरी. एकाने मुखवटा आणला की दुसऱ्याची झोप उडायची. वकिलांनी घोड्याला मुद्दाम बगल दिली, मुखवट्यांवरून नजर फिरवली, आणि हात धुवायला आत गेले ते मागच्या दाराशी थबकले. मग ते चक्क गुडघ्यांवर बसले.

"वहिनी, ही कुठून मिळाली?"

बाई सांगणार तोच मागून डॉक्टरांनी घसा खाकरला. "ही मी अजून कुणाला दाखवली नव्हती," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी धनगरांची एक अख्खी वस्ती उभी केली. वस्तीच्या म्हाताऱ्या मुखियाशिवाय या खुर्चीवर कुणी बसत नसे. बाई ऐकत राहिल्या. इतकी वर्षं आपण त्या मुखियाच्या आसनावर बसून भाज्या निवडल्या, हे त्यांना आजच कळत होतं. नवऱ्याची जीभ इतकी सफाईने चालताना पाहून त्यांना हसू आलं, मागोमाग संतापही. शेवटी त्यांनी वकिलांना स्पष्ट सांगितलं, "भाऊजी, कीड लागलीय तिला. जिवंत कीड आहे. घरात नेऊ नका."

वकील मायेने हसले. वहिनींना यातलं कळत नाही, असं डॉक्टरांकडे बघत म्हणाले, आणि आपला लाडका शिंगवाला मुखवटा देऊन खुर्ची घेऊन गेले.

दार लागताच डॉक्टर लहान मुलासारखे खोलीभर नाचले. बाईंनी त्यांना नाचू दिलं. मग शांतपणे विचारलं, "धूर द्यायला माणूस उद्या बोलावू, की वकिलांना फर्निचरच्या दुकानाचा पत्ता कळवू?"

डॉक्टरांचं तोंड पेशंटसारखं उघडंच राहिलं.

धूर दिला गेला. खोल्या उघडल्यावर घोडा पुसायला उचलला, तर हातात नुसती मान आली. आत लाकूड उरलंच नव्हतं, रंगाच्या कातडीत भुसा भरलेला होता. डॉक्टर जमिनीवर बसून राहिले. बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. त्यांनी चहा करून दिला आणि त्यानंतरच केरसुणी आणली.

काही महिन्यांनी वकील पुन्हा आले, उरलेल्या खुर्च्या मागायला. डॉक्टर दवाखान्यात होते. बाईंनी सगळं खरं सांगितलं: दुकान, लग्नानंतरची खरेदी, कीड, धूर. वकिलांनी एक डोळा बारीक केला. जिथून माल मिळतो ती जागा कुणी सांगत नसतं, हे आपल्याला चांगलं कळतं, म्हणाले. खुर्च्या गाडीत चढवताना ते खुशीत होते. मग बाईंच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. वडिलांचं लिहायचं टेबल मी इतके दिवस साधंच समजत होतो. परवा पाहिलं, तर भोकंच भोकं. दाराची चौकटसुद्धा तसलीच निघाली. सगळं घरच अस्सल आहे, आणि मला पत्ताच नाही."

बाईंनी त्यांना फवारणीवाल्याचा नंबर दिला. वकिलांनी तो खिशात ठेवला आणि विचारलं, हा माणूस जुन्या वस्तूही विकतो का?