शोक शस्त्र

कवायतीच्या उस्तादांचा हुकूम पाळायला डोकं लागत नसे, हातपाय पुरत. त्यांनी ‘सलामी शस्त्र’ म्हटलं की पलटणीच्या बंदुका छातीसमोर उभ्या, ‘बाजू शस्त्र’ म्हटलं की दस्ता बुटाशेजारी. विचार करायचा तो घरी जाऊन, असं ते जवानांना बजावत.

आज मोठ्या साहेबाचा निरोप समारंभ होता. याच साहेबानं पलटणीत जवान असलेल्या उस्तादांच्या धाकट्या भावाला, अंगात ताप असताना, दोन्ही हातांनी बंदूक डोक्यावर धरायला लावून भर उन्हात पळवलं होतं. पोरगा पडला तो उठलाच नाही. वर साहेब म्हणाला, “कामचुकार होता. त्याला कसला मान?” मातीला एकही जवान पाठवला नाही.

आईनं तेव्हा एकच विचारलं होतं, “बाकीच्यांसाठी बंदुका उलट्या करतात ना? मग माझ्या लेकासाठी का नाही रे?”

उस्तादांनी तो घोट गिळला होता, पचवला नव्हता. या माणसाला एकदा तरी जिवंतपणी मेलेला बघायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. हल्ली ते पलटणीकडून रोज शोक शस्त्र, म्हणजे मेलेल्यासाठी बंदुका उलट्या धरायची कवायत, घोटून घेत.

“उस्ताद, कोण गेलं?” हाताखालच्या नाइकानं विचारलं.

“कुणी नाही. तयारी असलेली बरी.”

साहेब मंचावर चढला, छाती पुढे आणि पोट तिच्याही पुढे. समोर त्याची बायकापोरं, सगळ्यात मागे उस्तादांनी हट्टानं बोलावलेली आई.

“सलामी शस्त्र!”

साहेबाचा हात ऐटीत टोपीला गेला. आता ‘बाजू शस्त्र’ म्हटलं की संपलं. दुसरं काही म्हटलं तर पट्टे जातील, पेन्शन जाईल, कोठडी तर ठरलेलीच. गेलं सगळं तेल लावत, उस्ताद मनात म्हणाले.

“शोक शस्त्र!”

बंदुका फिरल्या. नळ्या बुटांच्या टोकांवर, हात दस्त्यांवर, माना खाली. कुणी चुकलं नाही, कारण कुणी विचारच केला नाही. जित्याजागत्या माणसापुढे अख्खी पलटण सुतकात उभी राहिली.

साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. “उस्ताद! हे काय चाललंय?”

“माझ्या भावाचं राहिलं होतं, साहेब.”

“बाजू शस्त्र!” साहेब बेंबीच्या देठापासून ओरडला.

एकही नळी हलली नाही. पलटणीला एकाच आवाजाची सवय होती.

मागे म्हातारी उठून उभी राहिली होती. ती खाली बसेपर्यंत उस्तादांनी पुढचा हुकूम दिला नाही.