निबंधातला दुसरा परिच्छेद

"शेवटचे दोन आकडे परत सांग," मुलगी म्हणाली.

आईने चष्मा न लावताच ते सांगितले. परीक्षा क्रमांक तिला गेला दीड महिना तोंडपाठ होता. मुलीने ते टाकले, आणि दोघी स्क्रीनवर फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसल्या. रविवारची सकाळ होती. टेबलावर चहाचे दोन कप आणि तर्कप्रश्नांचं कोपरे दुमडलेलं पुस्तक पडलं होतं. सात माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, डॉक्टर वकिलाशेजारी बसायला तयार नाही, असले प्रश्न दोघींनी वर्षभर नाश्त्याबरोबर सोडवले होते. "या सातांना कुणीतरी उभंच का ठेवत नाही?" असं आई वैतागून म्हणायची, आणि मुलगी घड्याळ लावून तिला पुन्हा बसवायची.

पान उघडलं. मुलीने आधी पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"किती?"

"तूच बघ."

ब्याण्णव. शंभरात ब्याण्णव. पहिल्या खेपेला एकोणसाठ आले होते, दुसऱ्या खेपेला सदुसष्ट. विधी महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला तीनदाच बसता येत असे आणि ही तिसरी खेप होती. मुलगी खुर्ची पाडून उठली आणि आईच्या गळ्यात पडली.

आई कोर्टात लघुलेखिका होती. बावीस वर्षं तिने लोकांच्या साक्षी उतरवून घेतल्या होत्या. न्यायाधीशांपासून शिपायापर्यंत सगळे तिला स्टेनोबाई म्हणत, आणि तिचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांचं बोलणं लिहिता लिहिता आपणही एकदा उभं राहून चार वाक्यं बोलावीत, एवढीच तिची इच्छा होती. ती तिने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मुलीपाशी बोलून दाखवली, तेव्हा मुलगी हसली नाही. दुसऱ्याच दिवशी ती पुस्तकं घेऊन आली.

गुणांच्या खाली निबंधाची प्रत होती. निबंधाला गुण नसत. उमेदवाराच्या हस्ताक्षरातला तो कागद गुणांबरोबर तसाच्या तसा महाविद्यालयांकडे जाई. स्टेनोबाईंनी अर्जात पाच नावं दिली होती. सगळ्यात खाली दोन बटणं होती, 'गुण ठेवा' आणि 'गुण रद्द करा'. ठरवायला सहा दिवस होते.

"यात ठरवायचं काय आहे?" मुलगी म्हणाली. "थांब, आधी निबंध बघू तुझा."

विषय साधा होता. गावात जागा एकच आहे, तिथे दवाखाना बांधावा की वाचनालय? मुलगी मोठ्याने वाचू लागली. पहिला परिच्छेद चांगला उतरला होता. दुसऱ्याला तिचा आवाज हळू झाला.

"मागचं दार नेहमी लावलेलं असे. साहेब म्हणायचे, बायका उगाच बाहेर जातात. धूर आला तेव्हा सगळ्या त्या दाराकडे धावल्या. मी धावले नाही. मी पुढच्या दाराने बाहेर पडले. मागच्या दाराची किल्ली माझ्या कमरेला होती."

तिसरा परिच्छेद होता, "म्हणून वाचनालयापेक्षा दवाखाना अधिक गरजेचा आहे, असे माझे मत आहे."

"आई, हे काय लिहिलंयस? उदाहरण दिलंस का?"

"असेल," स्टेनोबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या. नळ सुरू केला, पण कप धुतले नाहीत.

त्यांना परीक्षेची खोली लख्ख आठवत होती. खिडकीजवळचं बाक, पर्यवेक्षकबाईंच्या चपलांचा आवाज, शेवटच्या दहा मिनिटांची घंटा. आपण दवाखान्याबद्दल तीन परिच्छेद लिहिले, हेही आठवत होतं. पण अक्षर त्यांचंच होतं. डावीकडे कललेला 'ळ' त्यांच्याशिवाय कुणी काढत नसे. आणि ते बोलणं कुणाचं, हेही त्यांना पहिल्या वाक्याला कळलं होतं. माणसाचा चेहरा त्या विसरत, आवाज कधी विसरत नसत.

अकरा वर्षांपूर्वी शिलाईच्या एका कारखान्याला आग लागली होती. दोन कामगार बायका मागच्या दारापाशी सापडल्या. दाराला कुलूप होतं, असं बाकीच्या बायका सांगत होत्या. धुरात दार अडकलं असेल, कुलूप कधी नव्हतंच, असं मालक सांगत होता. नववी साक्षीदार शर्टांना काजं करणारी होती, तिशीतली, किडकिडीत. तिला वकिलाने विचारलं, मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असायची? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माहीत नाही." मालक सुटला.

स्टेनोबाईंना मात्र एक वेगळीच शंका आली. ती बाई त्या दिवशी हे बोलली असेल तर? ती बोलली आणि आपण उतरवून घेतलं नाही, असं झालं असेल तर?

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरायच्या आधी त्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या. रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ डब्यातलं पान लावत बसले होते.

"या वकीलसाहेब!" ते म्हणाले. "तुमची लेक काल फोनवर सांगत होती माझ्या लेकीला. आता पहिली केस आमच्यावरच टाकणार ना?"

"जुनी वही हवी होती."

"काढा की. धूळ तेवढी झटकून परत ठेवा, म्हणजे मला काम केल्यासारखं वाटेल."

शॉर्टहँडची ती वही खालच्या फळीवर होती. पान सापडायला वेळ लागला नाही. वकिलाचा प्रश्न होता. त्यापुढे अर्धी ओळ कोरी होती. आणि मग, "माहीत नाही."

स्टेनोबाई त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या. शांतता कुणी लिहीत नाही. साक्षीदार पाच मिनिटं गप्प बसला तरी त्याचा पुढचा शब्द आधीच्या शब्दाला लागूनच येतो. बावीस वर्षांत त्यांनी अशी जागा सोडली नव्हती. त्यांनी वही खिडकीशी नेऊन तिरकी धरली. शाई नव्हती, पण कागद दबलेला होता. कोरड्या निबेने कुणी भराभर लिहावं तशा बारीक खुणा होत्या. बोट फिरवलं की लागत होत्या. वाचता मात्र येत नव्हत्या.

"सापडलं का?" मागून आवाज आला.

"हो," त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. मुलगी रोज विचारी आणि त्या रोज म्हणत, "उद्या करू." गुरुवारी मुलगी चिडली. "ब्याण्णव गुण पडलेत आणि तू तोंड असं केलंयस, जसं काही कुणी गेलंय घरातलं." स्टेनोबाई चपला घालून बाहेर पडल्या. साक्षीच्या कागदांवरचा पत्ता त्यांनी उतरवून आणला होता. तिथे दुसरंच कुटुंब राहत होतं. त्यांनी आणखी एक पत्ता दिला, तिथल्या दुकानदाराने तिसरा.

शनिवारी दुपारी, मुदत संपायला तासभर उरला असताना, त्या एका अरुंद रस्त्यावरच्या तळमजल्याच्या खोलीपाशी पोचल्या. बाहेर पाटी होती, 'कपडे लहान-मोठे करून मिळतील'. खिडकीशी शिलाई मशीन होतं, आणि त्याच्यामागे ती बाई. केस पांढरे झाले होते. आतल्या खोलीला दार नव्हतं. चौकटीवर बिजागऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. मोरीलाही पडदाच होता.

"काय शिवायचंय?" बाईने विचारलं. मग मान वर करून पाहिलं आणि तिचा पाय मशीनवरून खाली आला. "तुम्ही कोर्टातल्या. खाली बसून लिहायच्या त्या."

"तुमच्या लक्षात आहे?"

"सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्ही एकट्याच बघत नव्हता."

स्टेनोबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी घरून खूप वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवेना. त्यांनी पर्समधून निबंधाची छापील प्रत काढली आणि पुढे केली. बाईने ती खिडकीकडे धरून ओळीवर बोट ठेवत वाचली. पहिला परिच्छेद वाचताना तिला काही कळत नव्हतं, हे दिसत होतं. मग बोट थांबलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. पण मला आठवत नाही लिहिलेलं. ताई, तुम्ही त्या दिवशी कोर्टात हे बोलला होतात का? बोलला असाल आणि माझ्याकडून राहिलं असेल, तर…"

"नाही," बाई म्हणाली. "मी बोलले नाही."

"हळू आवाजात? पुटपुटल्यासारखं?"

"नाही हो बाई. तिथे नाही, घरी नाही, नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तोंडाशी आलं होतं. तुमच्या पेनाकडे बघत होते मी. वाटलं, आता हे बोललं की ही लिहिणार, मग ते पुसता यायचं नाही." तिने कागद मांडीवर पालथा ठेवला. "म्हणून गिळलं."

रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. दोघींनीही तिकडे पाहिलं नाही. स्टेनोबाईंच्या अंगावर काटा आला होता, आणि त्याच वेळी मनावरचं एक ओझंही उतरलं होतं. दोन्ही एकदम कसं होतं, हे त्यांना कळेना.

"कोण कोण वाचणार हे?" बाईने विचारलं.

"पाच कॉलेजं. पाच वाजता आपोआप जाईल."

"जायला नको. मी हात जोडते."

"रद्द करता येतं."

"मग तुमचं काय जातं?"

"काही नाही. पुन्हा बसेन परीक्षेला."

स्टेनोबाईंनी फोन काढला. पान उघडलं. ब्याण्णव हा आकडा त्यांनी एकदा नीट पाहून घेतला. मुलीचे तीन निरोप येऊन पडले होते, ते त्यांनी उघडले नाहीत. 'गुण रद्द करा' वर बोट ठेवलं. खात्री आहे का, असं विचारणारी चौकट आली. त्यांनी 'हो' दाबलं. आकडा गेला, निबंध गेला.

बाई उठून त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती. स्क्रीनवर उरलेली ओळ ती शब्द सुटे सुटे करत वाचत होती.

"आपली… तिसरी व शेवटची… संधी… संपली आहे." ती थांबली. "तुम्ही म्हणालात, पुन्हा बसेन."

स्टेनोबाईंनी फोन पर्समध्ये टाकला. "येते मी," त्या म्हणाल्या.

"बसा."

बाई मशीनपाशी गेली नाही. ती दार नसलेल्या चौकटीला हात लावून उभी राहिली, तोंड आतल्या खोलीकडे करून. खूप वेळ ती बोललीच नाही. त्या गप्प बसण्यात स्टेनोबाई बावीस वर्षांच्या सवयीने स्वस्थ बसून राहिल्या. सांगणाऱ्याला घाई करायची नसते, एवढं त्यांना कळत होतं.

"तुम्ही एक चुकीचं लिहिलंय," शेवटी बाई म्हणाली. "किल्ली कमरेला नव्हती. हातात होती. आतून त्या माझं नाव घेऊन हाका मारत होत्या, आणि माझ्या हातात होती."

बाई वळली आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"कागद आहे का?"

"आहे."

"मग घ्या लिहून. पहिल्यापासून सांगते. मी गिळलेलं तुमच्या हाती लागलं, यापुढे ते तुमच्याच अक्षरात राहू दे. खाली सही माझी."

स्टेनोबाईंनी पर्समधून वही काढली, मांडीवर घेतली, वर तारीख घातली. बाईने सांगायला सुरुवात केली. सुपरवायझरने किल्ली कधी दिली, काय म्हणून दिली, त्या दिवशी किती जणी कामावर होत्या. आवाज कोरडा होता, पण शब्द अडखळत नव्हते. पेन भराभर चाललं. पान उलटलं. धुराचा वास पहिल्यांदा कुणाला आला, मशीन कुणी बंद केलं, कोण काय ओरडलं.

मग बाई एका जागी थांबली, आणि स्टेनोबाईंनी खाली पाहिलं. पेन थांबलं नव्हतं. बाई जे अजून बोलली नव्हती, त्याचे पहिले दोन शब्द कागदावर उतरले होते आणि तिसरा सुरू झाला होता.

त्यांनी पेन उचललं. बोटं जोर करत होती. दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून त्यांनी ते कागदापासून वर, हवेत ठेवलं. आणि बाईच्या तोंडाकडे बघत, ती स्वतः बोलेपर्यंत, त्या थांबून राहिल्या.