दिसलं तेच लिहायचं

ट्रेनिंगच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. एक मूल निवडायचं, चाळीस दिवस रोज दहा मिनिटं त्याच्याकडे नुसतं बघायचं आणि दिसलं तेच लिहायचं. वाटलं ते लिहायचं नाही. 'मूल आनंदी होतं' असं कुणी लिहिलं की बाई लाल शाईने आख्खं वाक्य उडवायच्या आणि हिंदीतून झापायच्या. "पोटात शिरून बघितलंस का त्याच्या? हसलं असं लिही. किती वेळा हसलं ते लिही."

अश्लेषाला हे काम जमलं. नुसतं बघत बसायचा तिचा सराव दांडगा होता. गंगाखेडहून तिला दिल्लीला धाडलं ते भाऊ प्रतीक कलेक्टर होणार म्हणून. कलेक्टर होणाऱ्याला खानावळीचं तेल बाधतं, तेव्हा बारावी झालेल्या बहिणीने जाऊन त्याच्या पोळ्या लाटाव्यात, असं घरच्यांनी ठरवलं. तिला कुणी विचारलं नाही. दुसऱ्यांदा प्रिलिम गेली तेव्हा प्रतीक बॅग भरून पुण्याला निघून गेला, तेव्हाही तिला कुणी विचारलं नाही. पण तोवर तिने मयूर विहारच्या एका प्लेस्कूलमध्ये वर्षभराची अप्रेंटिसशिप धरली होती. घरून फोन आला, परत ये, एक स्थळ आलंय. ती म्हणाली, सर्टिफिकेट घेऊनच येते. तेव्हापासून घरचे फोन पंधरवड्यावर गेले.

नया बांसमधल्या पीजीच्या खोलीत तिघी राहायच्या आणि तिघींचं मिळून दिवसाला दहा वाक्यं बोलणं होत नव्हतं. एक रात्रपाळीची, दिवसा झोपलेली. दुसरीच्या कानात सदा होणारा नवरा. शाळेत बावीस पोरं दिवसभर अश्लेषाच्या अंगाखांद्यावर लोंबकळायची, शेंबूड पुसून घ्यायची, मांडीवर मुतायची. चारला शाळा सुटली की तिच्याशी बोलायला दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी नसायचं. रविवारी ती कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायची, खोलीवर यायची आणि मग परत जाऊन बिस्किटं आणायची. तेवढंच दोनदा बोलणं.

तिने निवडलेलं मूल म्हणजे हेरंब. सव्वातीन वर्षांचा, टपोऱ्या डोळ्यांचा. 'आई', 'गा' म्हणजे गाडी आणि 'दे', एवढंच बोलायचा. फाइल तिने मराठीत लिहायला घेतली.

*दिवस तिसरा. डब्याची घंटा वाजली. हेरंब वळला नाही. शेजारची मुलं उठलेली पाहिली, मग उठला.*

*दिवस सातवा. मागून नावाने तीन हाका मारल्या. वळला नाही. पुढे जाऊन हात हलवला. लगेच हसला.*

*दिवस अकरावा. मी गाणं म्हणताना माझ्या तोंडाकडे बघून टाळ्या वाजवत होता. मी पाठ फिरवली. टाळ्या थांबल्या.*

अकराव्या दिवशी तिला कळून चुकलं. पोराला धड ऐकूच येत नव्हतं. डोळ्यांनी सगळं भागवत होतं ते, आणि इतक्या हुशारीने की आख्ख्या शाळेला पत्ता नव्हता.

किंवा पत्ता लावून घ्यायचा नव्हता. शाळेच्या मालकीणबाई चड्ढा मॅडम. त्यांनी फाइल मागवली, एका शिक्षिकेकडून तोंडी हिंदी करून घेतली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ये सब क्या है, बेटा? मुड़ा नहीं, मुड़ा नहीं. तू टीचर है कि थानेदार?"

"मॅम, उसके कान दिखाने चाहिए डॉक्टर को."

"कान बिल्कुल ठीक हैं. घर में मराठी, यहाँ इंग्लिश, आया के साथ हिंदी. बच्चा कन्फ्यूज़ है. मैंने पेरेंट्स को बोल दिया है, घर में मराठी बंद करो." मग आवाज मऊ केला. "और सुन. पेरेंट्स से बात मैं करती हूँ. ट्रेनी नहीं करती. साल के आख़िर में साइन किसका लगेगा तेरे सर्टिफिकेट पे?"

दोन दिवसांनी फाइल इंग्रजीत टाइप होऊन आली. हेरंब संगीताला सुंदर प्रतिसाद देतो, तो स्वप्नाळू आहे, स्वतंत्र वृत्तीचा आहे. खाली अश्लेषाच्या नावापुढे सहीच्या जागी फुली मारलेली. तिने सही केली. तीच फाइल हेरंबच्या घरी गेली. मराठी फाइल अश्लेषाच्या पिशवीत राहिली.

आता कुणी म्हणेल, तिला सर्टिफिकेटची भीती होती. होती. पण तेवढीच असती तर तिने कधीच तोंड उघडलं असतं. खरी गोष्ट लाजिरवाणी होती, आणि तिचं नाव होतं कौशल्या आजी.

हेरंबला न्यायला त्याची आजी यायची. बेचाळीस वर्षं दिल्लीत काढलेली बाई. एका दुपारी अश्लेषा मुलाचा बूट शोधताना स्वतःशीच पुटपुटली, "कुठं उलथला हा मेला," आणि आजी फाटकातच थबकली.

"कुठली गं तू?"

"गंगाखेड, परभणीजवळचं."

"अगं बाई! आणि इथे काय करतेस? जेवतेस कुठे?"

पुढच्या रविवारी अश्लेषा त्यांच्या घरी जेवायला होती. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, ठेचा. ज्वारी आजी कुणाकुणाकरवी मागवायच्या. हेरंबची आई देविका एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होती, मुंबईची, बोलायला तडक. तीही म्हणाली, "ये गं रविवारची. आईंना माझ्याशी बोलून कंटाळा येतो." वडील उन्मेष दौऱ्यावर असायचे, भेटले तर मान हलवायचे.

मग दर रविवार. आजी तिच्या केसांना तेल लावून द्यायच्या. दीड वर्षांत तिच्या डोक्याला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता. पहिल्यांदा लागला तेव्हा तिने मान खाली घालून घेतली. मान खाली घातली की डोळे दिसत नाहीत.

त्या घरातही एक तमाशा चालायचा. मॅडमनी सांगितलं म्हणून हेरंबशी सगळे इंग्रजीत बोलायचे. आजीसुद्धा. "हेरंब, कम. ईट." आजीचा चेहरा तेव्हा परक्याच्या दारात उभं राहिल्यासारखा व्हायचा. पोरगं तिच्या ओठांकडे टक लावून बघायचं. त्याने जन्मापासून मराठी ओठ पाठ केले होते, तेही या शहाण्यांनी काढून घेतले.

हे सगळं अश्लेषा भाकरी मोडता मोडता बघत होती. रोज ठरवायची, या रविवारी सांगते. आणि रविवारी आजी दार उघडून म्हणायच्या, "आलीस? मी मघापासून घड्याळ बघतेय." की ती चपला काढून पाटावर जाऊन बसायची. सांगितलं तर हे दार राहील का? दिल्लीत दारं लाखो होती, पण घड्याळ बघून उघडणारं हे एकच.

ऑक्टोबरात एकदा स्वयंपाकघरातली ताटांची मांडणी कोसळली. आठ-दहा स्टीलची ताटं फरशीवर. देविका बाहेरच्या खोलीतून किंचाळत धावली. आजींनी छातीला हात लावला. हेरंब ताटांकडे पाठ करून, हातभर अंतरावर, मोटारी एका रांगेत लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"बघा, किती धीट," आजी म्हणाल्या. "बापासारखा. उन्मेषही असाच होता. बोलायलासुद्धा चार वर्षं लावली त्याने."

देविकाही हसली. अश्लेषाही हसली. मग खाली बसून ताटं वेचू लागली.

चाळीस दिवस कधीच संपले होते, तरी पीजीवर परत येऊन तिने फाइलीत लिहिलं. *ताटं पडली. वळला नाही. तिथे तीन मोठी माणसं होती.* मग पुढे लिहिलं, *त्यातलं एक मी.*

नोव्हेंबरात शाळेने नवीन टूम काढली. सांगितलेलं न करणाऱ्या मुलाला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवायचं. एका आठवड्यात हेरंब चार वेळा त्या खुर्चीवर बसला. कशासाठी, हे त्याला कळायचा सवाल नव्हता. घरी चिठ्ठी गेली, मूल हट्टी होत चाललं आहे, घरी शिस्त लावा.

त्या रविवारी देविकाचं डोकं आधीच तापलेलं होतं. हेरंब गॅलरीच्या दाराशी पाठमोरा बसला होता. बाहेर धुरकं इतकं की समोरच्या इमारतीला खिडक्याच नव्हत्या.

"हेरंब, कम हिअर." तो मोटारीत दंग. "हेरंब! आय अॅम टॉकिंग टू यू!" आणि तिसऱ्या हाकेला देविका उठली, दोन ढांगांत गेली आणि मागून त्याच्या पाठीत धपाटा घातला.

पोराला कुठून काय आलं ते समजलंच नाही. तो आधी छताकडे बघायला लागला, काही पडलं का ते. मग आई दिसली आणि मग रडला.

"ताई, मारू नका त्याला," अश्लेषा म्हणाली. "त्याला ऐकू येत नाही."

"काय?"

"कानाने. ऐकू येत नाही त्याला. मागून हाक मारली तर कळत नाही."

देविका हसली. "अगं, जन्मल्यावर टेस्ट झालीये त्याची. पास आहे. तू डॉक्टर आहेस का? सहा महिने पोरांच्या चड्ड्या बदलल्यास म्हणून..."

"ताई, मागून टाळी वाजवा. तुम्हीच बघा."

"मी काहीही करणार नाही."

टाळी आजींनी वाजवली. हेरंब आईच्या खांद्यावर होता, तोंड भिंतीकडे. आजी दोन पावलं मागे उभ्या राहिल्या आणि वाजवली. मग जोरात वाजवली. मग पोळपाट आणून त्यावर लाटणं आपटलं. पोरगं मुसमुसत आईच्या कानातल्या डुलाशी खेळत राहिलं.

आजी पोळपाट घेऊन तशाच खाली बसल्या.

अश्लेषाने पिशवीतून फाइल काढली. तिचं मराठी हस्ताक्षर, तारखा घातलेल्या. देविकाने एका हाताने मूल धरलं, दुसऱ्याने पानं उलटली. डब्याची घंटा. टाळ्या थांबल्या. वाचता वाचता तिचं बोट वरच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं.

"ही तारीख जुलैची आहे."

"हो."

"आणि आमच्याकडे आली त्या फाइलीत संगीत-बिंगीत लिहिलंय. सही तुझी."

"हो, ताई."

"जुलैपासून माहीत होतं तुला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर." देविका ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "चार महिने माझ्या घरात बसून जेवलीस आणि चार महिने पोटात ठेवलंस? मी त्याला मारत होते, अश्लेषा. ही पहिली वेळ नाही."

अश्लेषाजवळ उत्तर होतं. मॅडमनी धमकावलं होतं, ट्रेनीला बोलायची परवानगी नव्हती. सगळं खरं. पण ते तोंडाशी आलं तेव्हा तिला ते मॅडमच्या इंग्रजी फाइलीसारखंच वाटलं. मग जे होतं ते बोलली.

"तुम्ही माझं येणं बंद कराल असं वाटलं. म्हणून."

देविकाने फाइलीतली जुलैची पानं फरकन ओढून काढली, बाकीची फाइल तिच्या हातात दिली. "जा आता."

अश्लेषाने चपला घालताना आजींकडे बघितलं. आजी हेरंबचे पाय कुरवाळत होत्या आणि मराठीत बोलत होत्या, भराभरा, चार महिन्यांचं साठलेलं. त्यांनी वर बघितलं नाही.

सोमवारी देविका शाळेत येऊन गेली. काय बोलणं झालं ते काचेआड झालं. हेरंबचं नाव काढलं एवढं कळलं. चड्ढा मॅडमनी अश्लेषाला बोलावलं. "सर्टिफिकेट भूल जा," म्हणाल्या. आणि लगेच, कारण धंदा त्यांच्या रक्तात होता, "चल, एक मौक़ा देती हूँ. पुरानी फाइल मुझे दे दे. इंग्लिश वाली जमा होगी, दिसंबर में साइन कर दूँगी. बात ख़त्म."

"सोचकर बताती हूँ," अश्लेषा म्हणाली. सर्टिफिकेटशिवाय गंगाखेडला जायचं म्हणजे स्थळापुढे चहाचा ट्रे घेऊन जायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फाइल तिने दिली नाही, फेकलीही नाही. रविवारी साबण आणला. परत जाऊन बिस्किटं आणली.

तीन आठवडे झाले. एका गुरुवारी शाळा सुटताना फाटकाबाहेर देविकाची गाडी थांबली. काच अर्धी खाली झाली. अश्लेषा धावतच गेली.

"ताई! कसा आहे हेरंब?"

देविका समोर बघत होती. "टेस्ट हो गई है. दोनों कानों में प्रॉब्लम है. मशीन लगेगी."

हिंदीत. अश्लेषाला क्षणभर वाटलं, फोनवर कुणी आहे. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

"मशीन लावल्यावर ऐकू येईल ना, ताई? आजी कशा आहेत?"

"डॉक्टर ने बाक़ी के पन्ने माँगे हैं. अक्टूबर-नवंबर वाले. तारीख़ के साथ. कह रहे थे, बहुत काम के हैं." आणि मग, "आपके पास हों तो दे दीजिए."

आप. दीजिए. दिल्लीत दूधवाल्याशी, सिक्युरिटीवाल्याशी, अनोळखी बाईशी बोलतात तसं. नीट, सभ्य, कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

अश्लेषा आत गेली. हॉलमध्ये चड्ढा मॅडम एका नव्या पालकाला वर्ग दाखवत होत्या. तिने पिशवीतून फाइल काढली आणि त्यांच्या देखत बाहेर घेऊन आली. पानं काढत बसली नाही. आख्खी फाइल खिडकीतून आत दिली, ताटांचं पान, 'त्यातलं एक मी'चं पान, सगळ्यासकट.

देविकाने ती शेजारच्या सीटवर ठेवली. "शुक्रिया. आपको वापस चाहिए होगी?"

ताई, असं म्हणायला अश्लेषाने तोंड उघडलं. पण देविकाचा हात काचेच्या बटणावर होता.

"जी नहीं," ती म्हणाली. "रख लीजिए."