औषध न लागलेला वासा

मित्रांनो, मी एक जुना वासा आहे. पण छपराचा नव्हे, पायाखालचा. एका घरामागच्या बागेत जमिनीलगत लाकडी ओटा होता. त्याच्या फळ्या ज्या सांगाड्यावर ठोकल्या होत्या, त्यात आम्ही नऊ वासे होतो. दारापासून तिसरा तो मी. आता मी निम्माच उरलो आहे आणि कुंपणाच्या भिंतीला टेकून उभा आहे. उरलेले निम्मे कसे गेले आणि त्यापायी कोणाचे काय झाले, ते तुम्हाला सांगतो. ऐकायला गोड नाही, पण ऐका.

झाड असतानाचे मला काही आठवत नाही. आठवते ती वखार. तिथे मला करवतीने चिरले, कूज लागू नये म्हणून औषधाच्या टाकीत बुडवले आणि वाळत ठेवले. एके दिवशी एक मिस्त्री आले. साठीला टेकलेले, कानामागे पेन्सिल, उजव्या हाताचे एक बोट अर्धे. त्यांनी मला उचलले, एक डोळा मिटून माझ्या धारेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हा सरळ आहे. हा द्या." मला फार अभिमान वाटला.

ओटा हवा होता टेलरवहिनींना. त्यांनी त्याच घरात तीस वर्षे कपडे शिवले होते. पुढे पायांतली ताकद गेली आणि त्या चाकांच्या खुर्चीत बसू लागल्या. मागच्या दाराबाहेर एकच पायरी होती, पण चाकांना एक पायरी म्हणजे डोंगरच. बाग त्यांनी स्वतः लावली होती आणि वर्षभर ती फक्त खिडकीतून पाहिली होती. त्यांचे यजमान निवृत्त बसचालक होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. ओटा उंबऱ्याच्या पातळीला आला, की खुर्ची सरळ बाहेर जाईल, असा दोघांचा बेत होता.

मिस्त्रींनी आधी हत्याराला हातच लावला नाही. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, दोन्ही कर्ण मोजले. एक कर्ण बोटभर जास्त भरला, तेव्हा एक खुंटी उपटून पुन्हा ठोकली. मग वहिनींच्या मांडीवर कागद ठेवून त्यांनी आराखडा काढला. गवत आणि माती काढायची, खडी घालायची, तिच्यावर काँक्रीटचे ठोकळे आणि ठोकळ्यांवर सांगाडा. लाकूड मातीला कुठेही टेकता कामा नये, खालून वारा खेळला पाहिजे. घराच्या भिंतीपासून दोन बोटे अंतर, आणि पाणी भिंतीकडे न येता बागेकडे जाईल असा किंचित उतार.

"आणि वासे कापल्यावर?" वहिनींनी विचारले.

"कापलं की आतलं लाकूड उघडं पडतं, वहिनी. वखारीतलं औषध तिथपर्यंत पोचलेलं नसतं. म्हणून कापलेल्या टोकांना पुन्हा औषध लावायचं, वाळू द्यायचं, परत लावायचं. दोन दिवस जातात त्यात."

"जाऊ देत की. अस्तर कोणाला दिसतं? पण अस्तर वाईट असलं, तर कपडा अंगावर नीट बसत नाही."

मिस्त्री हसले. "माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळतं."

आम्हा वाशांना बागेत रचून ठेवले होते, म्हणून पुढचे बोलणे मी ऐकले. मिस्त्री निघाले तेव्हा भाऊ त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, जरा लवकर होईल का? डॉक्टर म्हणाले, दोन महिने. फार तर अडीच. तिला नाही सांगितलेलं."

मिस्त्रींनी फाटकाची कडी एकदा लावली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "बघतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कामाचा सपाटा लावला. ठोकळे बसवले, पातळी पाहिली. त्यात कसूर केली नाही. पण आम्हाला कापले आणि तसेच सांगाड्यात ठोकले. औषधाचा डबा झाकण न उघडताच पिशवीत राहिला. शेवटच्या फळ्या ठोकत असताना वहिनींनी खिडकीतून विचारले, "मिस्त्री, टोकांना औषध लावलं ना?"

मिस्त्रींनी पुढचा खिळा फळीवर धरला.

"लावलं, वहिनी."

माझे टोक उघडे होते. मला बोलता येत असते, तर मी ओरडलो असतो.

त्या संध्याकाळी खुर्ची उंबऱ्यावरून बाहेर आली आणि माझ्यावर येऊन थांबली. हात लांब करून वहिनींनी एका कुंडीतले पिवळे पान तोडले आणि कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवले. भाऊ दारात तोंड फिरवून उभे होते. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

आणि मग कोणाच्या ध्यानीमनी नव्हते ते घडले. दोन महिने गेले, सहा गेले, वर्ष सरले. वहिनी रोज बाहेर येत राहिल्या. गालांवर रंग चढला. डॉक्टरही चक्रावले. शेजारच्या बायका ब्लाउजची मापे घेऊन सल्ला विचारायला ओट्यावर जमू लागल्या. येणारा-जाणारा पाय आपटून म्हणे, "काय भक्कम काम आहे हो!"

वहिनी माझ्या टोकाजवळ बसून कुंड्यांना पाणी घालत. ते फळ्यांच्या फटीतून माझ्या उघड्या टोकावर पडे. फटींत पाने साचली आणि ओल धरून बसली. पहिल्या वर्षी मी काळा पडलो, दुसऱ्या वर्षी मऊ झालो. वरून कोणाला काही दिसत नव्हते.

मिस्त्री अधूनमधून डोकावत. एकदा ते वाकून फटीतून खाली बघत होते. "काय बघता?" वहिनींनी विचारले. "काही नाही, सहज," ते म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले. त्यांना ठाऊक होते. आठ दिवसांत फळ्या उचलून सगळे नीट करता आले असते. पण त्यासाठी आधी सांगावे लागले असते, की आपण खोटे बोललो होतो.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी खुर्ची नेहमीच्या जागी आली आणि माझे टोक भिजलेल्या पावासारखे चुरले. वरची फळी खचली, चाक आत गेले, खुर्ची कलंडली. खोली वीतभरच होती, पण तेवढी पुरली. वहिनींच्या खुब्याचे हाड मोडले; शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी त्यांना घरीच झोपवून ठेवले. घर फिरले की वासेही फिरतात, असे तुम्ही माणसे म्हणता. त्या घरात आधी वासा फिरला.

मिस्त्री दुसऱ्याच दिवशी आले. फळ्या उचलल्या, मला बाहेर काढले आणि माझे कुजके टोक दोन्ही हातांत धरून खाली बसले. वहिनींची खाट खिडकीला लागूनच होती.

"वहिनी, औषध लावलं नव्हतं. मी विसरलो नव्हतो. मुद्दाम सोडलं."

"का?"

मिस्त्रींनी भाऊंकडे पाहिले. भाऊंनी मान खाली घातली आणि फाटकापाशी झालेले सारे बोलणे सांगितले.

"ह्यांनी डॉक्टरांचं सांगितलं नाही, तुम्ही लाकडाचं सांगितलं नाही," वहिनी आतून म्हणाल्या. "दोघांनी मिळून फार जपलंत मला. अहो मिस्त्री, तीन वर्षं मी तिथे बसले. एका शब्दानं बोलला असतात, तर आठ दिवस घरात बसले असते की."

त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. पाच आठवड्यांनी त्या गेल्या.

त्यानंतर मिस्त्रींनी सगळा सांगाडा उकलला. नवे वासे आणले, खुंट्या ठोकल्या, कर्ण मोजले. कापलेले प्रत्येक टोक औषधात बुडवले, वाळवले, पुन्हा बुडवले. सगळे उरकायला अकरा दिवस लागले. भाऊंनी एकदाही "लवकर करा" म्हटले नाही. मला कापून टाकताना मिस्त्रींनी चांगला भाग वेगळा काढला, पण तो कुठे लावावा हे त्यांना सुचेना. म्हणून मी इथे उभा आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणीतरी असेल, फळीखाली किंवा भिंतीआड, दिवसरात्र ओझे वाहणारे. वर्षातून एकदा फळी उचलून त्याच्याकडे बघा. साचलेली पाने काढा, त्याला वारा लागू द्या. आणि तुमच्या हातून काही राहून गेले असेल, तर लाज वाटली तरी ते वेळेवर सांगा. चूक लवकर कळली, तर माणसे आठ दिवस थांबायला तयार असतात.

नवा ओटा भक्कम आहे. भाऊ रोज सकाळी केरसुणी घेऊन दारात येतात, फटींतली पाने एकेक करून काढतात आणि लगेच आत वळतात. त्या ओट्यावर अजून कोणी बसलेले नाही.